डब्यातल्या प्रत्येक गोळीला कारण हवे

पत्राचा सारांश: पश्चिम महाराष्ट्रातील एका शहरातून ५२ वर्षांच्या एका वाचक भगिनींनी लिहिले आहे. घरात त्या, त्यांचे ५८ वर्षांचे पती, ७८ वर्षांच्या सासूबाई आणि लग्न ठरलेली २६ वर्षांची मुलगी असे चौघे आहेत. घर शाकाहारी आहे. २०२० साली करोनाच्या भीतीने सी जीवनसत्त्वाच्या आणि झिंकच्या गोळ्या घरात आल्या आणि त्यानंतर डबा भरतच गेला. सासूबाईंना कॅल्शियमच्या दोन गोळ्या आणि रविवारची ‘साठ हजारांची’ डी जीवनसत्त्वाची पुडी, मधुमेही पतींना मल्टीव्हिटॅमिन आणि परदेशातल्या दिरांनी पाठवलेल्या ई जीवनसत्त्वाच्या व ‘डोळ्यांसाठीच्या’ कॅप्सूल, मुलीला केसांसाठी बायोटिन आणि स्वतःला थायरॉइडच्या गोळीसोबत लोह व कॅल्शियम असा रोजचा क्रम आहे. महिन्याला साडेपाच हजार रुपये त्यावर जातात. मुलगी म्हणते की हे सगळे थोतांड आहे, बंद कर. पती म्हणतात की फायदा नाही झाला तरी तोटा काय? या ताईंचे वडील कर्करोगाने गेले. आपण काही बंद केले आणि उद्या घरात कोणाला काही झाले तर स्वतःला क्षमा करता येणार नाही, असे त्यांना वाटते. काय करावे?

प्रिय ताई,

तुम्ही विचारलेल्या प्रश्नाकडे येण्याआधी पत्रात तुम्ही जाता जाता लिहिलेल्या एका वाक्याबद्दल बोलते, कारण ते वाक्य थांबू शकणारे नाही. सासूबाईंची अन्नावरची वासना गेली आहे, पोट साफ होत नाही, रात्री सारखी तहान लागते आणि लघवीला उठावे लागते, आणि हे ‘वयामुळे असेल’ असे तुम्ही लिहिले आहे. वयामुळे असेलही. पण त्याच पत्रात त्या चौदा महिने दर रविवारी साठ हजार एककांची पुडी घेत आहेत आणि शिवाय कॅल्शियमच्या दोन गोळ्या घेत आहेत असेही तुम्ही लिहिले आहे, आणि ही दोन वाक्ये एकमेकांशेजारी ठेवून वाचायला हवीत.

साठ हजारांची पुडी ही उपचाराची मात्रा आहे, रोजच्या पोषणाची नव्हे. रक्ततपासणीत कमतरता आढळली की डॉक्टर ती साधारणपणे आठवड्यातून एकदा, आठ आठवडे देतात आणि मग मात्रा उतरवतात. आठवड्याला साठ हजार म्हणजे दिवसाला सुमारे ८,५०० एकक होतात, तर आपल्याकडे प्रौढांसाठी रोजची शिफारस ६०० एककांची आहे. सी आणि बी गटातील जीवनसत्त्वे पाण्यात विरघळतात आणि त्यांचा बराचसा जादा भाग लघवीवाटे बाहेर जातो. डी जीवनसत्त्व मात्र चरबीत साठते आणि महिनोन्महिने शरीरात राहते. ते फार वाढले की आतड्यातून आणि हाडांतून जास्त कॅल्शियम रक्तात येते, आणि मग भूक मंदावणे, मळमळ, बद्धकोष्ठता, तहान, वारंवार लघवी, गोंधळल्यासारखे होणे आणि पुढे मूत्रपिंडाला इजा, असा क्रम लागतो. चौदा महिने पुडी घेणाऱ्या प्रत्येकाला हे होते असे मुळीच नाही, आणि सासूबाईंच्या तक्रारींचे कारण दुसरेही निघू शकेल. तरीही पुढच्या रविवारची पुडी देऊ नका, कॅल्शियम थांबवा आणि याच आठवड्यात तुमच्या डॉक्टरांकडे जाऊन रक्तातील कॅल्शियम, मूत्रपिंडाचे काम दाखवणारे क्रिएटिनिन आणि डी जीवनसत्त्व या तीन तपासण्यांबद्दल विचारा. डी जीवनसत्त्व शरीरात साठलेले असल्यामुळे एक-दोन पुड्या चुकल्याने त्यांचे नुकसान होणार नाही.

ही चूक तुमची एकटीची नाही, हेही सांगायला हवे. चिठ्ठीवर आठ आठवडे लिहिलेले असते, दुकानात चिठ्ठी पुन्हा मागत नाहीत, गुडघ्यांना बरे वाटले की पुडी चालू राहते, आणि ती थांबवायची कोणी हे कोणीच ठरवलेले नसते. आहारतज्ज्ञ म्हणून माझ्याकडे येणाऱ्या घरांमध्ये हा प्रकार मी इतक्यांदा पाहिला आहे की आता मी पहिल्या भेटीतच ‘रविवारची पुडी आहे का’ हे विचारते.

दुसरे वाक्य तुमच्या पतींबद्दलचे आहे. ते अकरा वर्षे मधुमेहासाठी मेटफॉर्मिन घेतात, त्यांच्या तळपायांना मुंग्या येतात आणि ‘ती शुगरचीच’ असे सर्वांनी धरून चालले आहे. मधुमेहाने नसांना इजा होते आणि मुंग्या येतात हे खरेच आहे. पण मेटफॉर्मिन दीर्घकाळ घेतल्याने बी-१२ जीवनसत्त्वाचे शोषण कमी होते, आणि बी-१२ कमी पडले तरी अगदी अशाच मुंग्या येतात. त्यात तुमचे घर शाकाहारी आहे. बी-१२ वनस्पती तयार करत नाहीत, ते जिवाणू तयार करतात आणि आपल्याला मांस, मासे, अंडी आणि दूध-दह्यातून मिळते. म्हणून शाकाहारी माणसाचा सगळा भरवसा दुधावर, दह्यावर आणि ताकावर असतो, आणि साखर वाढेल म्हणून तुमच्या पतींनी दूध सोडले आहे असे तुम्हीच लिहिले आहे. मोड आलेल्या कडधान्यांतून किंवा स्पिरुलिना या शेवाळातून बी-१२ मिळते असे पुष्कळजण समजतात. मोडांत ते भरवशाचे नसते आणि स्पिरुलिनात जे असते त्यातले बहुतांश आपल्या शरीराला वापरता येत नाही. पुण्यात डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी के. ई. एम. रुग्णालयातून गेली अनेक वर्षे केलेल्या कामामुळे आपल्या लोकांत बी-१२ची कमतरता किती पसरलेली आहे हे जगापुढे आले, आणि तरीही मध्यमवर्गीय घरात कॅल्शियमची जेवढी चर्चा होते तिच्या दशांशानेही बी-१२ची होत नाही, याची मला खंत वाटते.

यकृतात बी-१२चा साठा काही वर्षे पुरतो. त्यामुळे कमतरता हळूहळू येते आणि कोणाच्या लक्षात येत नाही. ती फार काळ राहिली तर नसांची इजा पूर्ण भरून येत नाही, म्हणून पतींची बी-१२ची तपासणी करायची ती लवकर. मात्र येथे एक अडचण आहे. त्यांच्या मल्टीव्हिटॅमिनमध्ये थोडे बी-१२ असणारच आणि त्यामुळे अहवालातला आकडा बरा दिसू शकतो. आकडा सीमेवर आला तर डॉक्टर बी-१२ कमी पडले की रक्तात वाढणाऱ्या होमोसिस्टीनची तपासणी सुचवू शकतात. हेही ध्यानात असू द्या की बी गटातलेच एक जीवनसत्त्व असलेले फॉलिक अ‍ॅसिड जास्त प्रमाणात घेतले तर बी-१२च्या कमतरतेने होणारा रक्तक्षय झाकला जातो आणि नसांची हानी मात्र आत चालूच राहते. आणखी एक गोष्ट म्हणजे ‘नसांच्या’ म्हणून विकल्या जाणाऱ्या काही गोळ्यांत बी-६ बरेच असते, आणि बी-६ मोठ्या मात्रेत दीर्घकाळ घेतले तर त्यानेच मुंग्या येतात. त्यांच्या गोळ्यांच्या पाकिटांवर ते किती आहे हे पाहा. मेटफॉर्मिन मात्र स्वतःहून बंद करू नका. त्याचा उपयोग मोठा आहे, आणि बी-१२ भरून काढणे सोपे व स्वस्त आहे.

आता तुमचा खरा प्रश्न. ‘तोटा काय?’ या पतींच्या वाक्यामागे आणि ‘बंद केले आणि काही झाले तर?’ या तुमच्या भीतीमागे एकच समजूत आहे, ती म्हणजे जीवनसत्त्वे ही आजारापासूनचे कवच आहेत आणि कवच जितके जाड तितके बरे. ही समजूत कुठून आली हे मला समजते, कारण जीवनसत्त्वांचा इतिहास खरोखरच चमत्कारासारखा आहे. त्यातला एक अध्याय मुंबईत घडला. १९२८ साली लुसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टर मुंबईत आल्या आणि कापड गिरण्यांत काम करणाऱ्या गरीब गर्भवती स्त्रियांना होणाऱ्या गंभीर रक्तक्षयाचा त्यांनी शोध सुरू केला. या बायका काय खातात हे त्यांनी पाहिले, प्राण्यांवर प्रयोग केले, आणि शेवटी यीस्टचा अर्क दिल्यावर त्या स्त्रियांचा रक्तक्षय सुधारतो हे १९३१ साली जगापुढे मांडले. त्या अर्कातला गुणकारी घटक म्हणजे पुढे ओळखले गेलेले फोलेट, म्हणजे फॉलिक अ‍ॅसिड ज्याचे गोळीतले रूप आहे ते जीवनसत्त्व. फॉलिक अ‍ॅसिड प्रयोगशाळेत तयार करणाऱ्या अमेरिकेतील चमूचे नेतृत्व १९४०च्या दशकात यल्लाप्रगडा सुब्बाराव या आपल्या आंध्रातील शास्त्रज्ञांकडे होते.

पण ताई, या कथेत नेमके काय घडले ते पाहा. त्या स्त्रियांच्या जेवणात एक गोष्ट कमी होती, ती दिली आणि त्या सुधारल्या. लिंबू-संत्र्याने खलाशांचा स्कर्व्ही गेला, आयोडीनयुक्त मिठाने गलगंड कमी झाला, तेथेही हेच घडले. रिकामा हंडा भरला की घराची तहान भागते, पण भरलेल्या हंड्यात आणखी पाणी ओतले तर ते जमिनीवरच सांडते. ज्याच्याकडे पुरेसे आहे त्याला आणखी दिल्याने कर्करोग किंवा हृदयविकार टळतो का, हा वेगळा प्रश्न आहे, आणि तो गृहीत न धरता शास्त्रज्ञांनी हजारो माणसांवर वर्षानुवर्षे तपासला आहे.

तुमच्या वडिलांच्या आजारामुळे हे तुम्हाला नीट कळावे असे मला फार वाटते, म्हणून थोडे विस्ताराने लिहिते. फिनलंडमध्ये २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांना बीटा कॅरोटीन, ई जीवनसत्त्व, दोन्ही किंवा औषध नसलेली गोळी देण्यात आली. गाजराला रंग देणाऱ्या बीटा कॅरोटीनने फुप्फुसाचा कर्करोग कमी होईल अशी आशा होती. १९९४ साली निष्कर्ष आले तेव्हा ते घेणाऱ्यांत हा कर्करोग १८ टक्क्यांनी जास्त आढळला. अमेरिकेत अशाच प्रकारचा दुसरा प्रयोग १९९६ साली मुदतीआधी थांबवावा लागला. ई जीवनसत्त्वाची रोज ४०० एकक ही मात्रा पस्तीस हजारांहून अधिक पुरुषांच्या अभ्यासात तपासली गेली, आणि २०११च्या अहवालात प्रोस्टेटचा कर्करोग कमी होण्याऐवजी १७ टक्क्यांनी जास्त दिसला. दिरांच्या बाटलीवर तुम्ही वाचलेला आकडाही ४००चाच आहे. डी जीवनसत्त्वाची रोज २,००० एकक ही मात्रा अमेरिकेत सुमारे सव्वीस हजार जणांवर पाच वर्षे तपासली गेली. २०१८ साली आलेल्या निष्कर्षांत कर्करोग होण्याचे किंवा हृदयविकाराचे प्रमाण त्याने कमी झाले नव्हते. आणि २०२४ साली ३,९०,१२४ प्रौढांच्या नोंदींचा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात रोज मल्टीव्हिटॅमिन घेणाऱ्यांत मृत्यूचा धोका कमी आढळला नाही. चांगल्या बाजूची नोंदही घ्यायला हवी. अमेरिकेतील पुरुष डॉक्टरांवर झालेल्या एका दीर्घ प्रयोगात २०१२ साली मल्टीव्हिटॅमिनने कर्करोगाचे प्रमाण सुमारे ८ टक्क्यांनी कमी दिसले होते. पण त्यावरून कोणालाही घरभर गोळ्या वाटण्याचा सल्ला तज्ज्ञांनी दिला नाही.

तुमच्या पतींनी वीस वर्षे सिगारेट ओढून मग सोडली आहे. म्हणून ‘डोळ्यांसाठीच्या’ त्या कॅप्सूलमध्ये बीटा कॅरोटीन आहे का, हे आजच बाटलीवर पाहा. नेत्रपटल झिजण्याच्या विकारासाठी अशा गोळ्यांचा उपयोग होतो हे खरे आहे, पण तो विकार असलेल्यांना, आणि तेथेही पूर्वी धूम्रपान केलेल्यांसाठी बीटा कॅरोटीन वगळून ल्युटीन हा दुसरा घटक असलेला प्रकार वापरतात. तुमच्या पतींना नेत्रतज्ज्ञांनी असे काही सांगितलेलेच नाही. ही बाटली आणि ई जीवनसत्त्वाची बाटली बंद करताना मला काही संकोच वाटत नाही. दिरांनी प्रेमाने पाठवले आहे, त्यांना दुखवू नये असे तुम्ही लिहिता. पुढच्या वेळी त्यांच्याकडून बदाम-अक्रोड मागवा.

तुमच्या स्वतःच्या गोळ्यांबद्दल तुम्ही सर्वांत कमी लिहिले आहे, तीन ओळी, पण जिने चढताना धाप लागते हे त्याच तीन ओळींत आहे. थायरॉइडची गोळी, कॅल्शियम आणि लोह तुम्ही सकाळी एकत्र घेता आणि त्यावर चहा पिता. लोह आणि कॅल्शियम दोन्ही थायरॉइडच्या गोळीचे शोषण अडवतात. ती गोळी उपाशीपोटी नुसत्या पाण्याबरोबर घ्या, नाश्ता अर्धा ते एक तासाने करा आणि या दोन्ही गोळ्या तिच्यापासून किमान चार तास दूर ठेवा. लोह आणि कॅल्शियम एकमेकांसोबतही घेऊ नका, आणि चहामुळे लोहाचे शोषण बरेच कमी होते, म्हणून लोहाची गोळी आणि चहा यांत तासा-दोन तासांचे अंतर असू द्या. लोहासोबत लिंबूपाणी किंवा आवळा चांगला. म्हणजे इतके दिवस तुम्ही गोळ्या घेत होतात, पण त्यांतले तुमच्या अंगी किती लागले हे सांगणे कठीण आहे. वेळा बदलल्यावर थायरॉइडच्या गोळीचा परिणाम वाढू शकतो, म्हणून दीड-दोन महिन्यांनी टीएसएच ही थायरॉइडची रक्ततपासणी पुन्हा करून घ्या. हिमोग्लोबिन आणि शरीरातला लोहाचा साठा दाखवणारे फेरिटिनही पाहा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१च्या फेरीत देशातील १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला होता, आणि पाळी जाण्याच्या सुमारास जास्त रक्तस्राव होत असेल तर पन्नाशीतही तो सहज होतो. तसे असेल तर नुसती गोळी पुरणार नाही, स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवावे लागेल. घरातल्या सगळ्यांचा डबा भरणारी बाई स्वतःचा अहवाल शेवटी काढते, आणि तो यावेळी आधी निघावा अशी माझी विनंती आहे.

मुलीबद्दल थोडक्यात. बायोटिनची खरी कमतरता फार विरळा असते. केस गळत असतील तर फेरिटिन, थायरॉइड आणि गेल्या काही महिन्यांतला ताण किंवा आजारपण आधी पाहावे. बायोटिन मोठ्या मात्रेत घेत असताना थायरॉइडच्या काही रक्ततपासण्या चुकीचे आकडे दाखवतात, म्हणून तपासणीआधी काही दिवस ते बंद ठेवावे आणि प्रयोगशाळेला सांगावे. मात्र तिला हे सगळेच थोतांड वाटत असेल तर एक गोष्ट तिला अवश्य वाचायला द्या: मूल हवे असे ठरवल्यावर गर्भधारणेच्या किमान एक महिना आधीपासून रोज ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक अ‍ॅसिड घेतले तर बाळाच्या मेंदूत आणि कण्यात होणारे जन्मजात दोष मोठ्या प्रमाणात टळतात. हे दोष गर्भाच्या पहिल्या चार आठवड्यांत होतात, तेव्हा अनेकींना दिवस गेल्याचे कळलेलेही नसते, म्हणूनच ही गोळी आधीपासून घ्यायची असते. निरोगी तरुण स्त्रीने, काही आजार नसताना, घ्यावीच अशी ही गोळी आहे.

तेव्हा मुलगी म्हणते तसे सगळे बंद करणे बरोबर नाही आणि पती म्हणतात तसे सगळे चालू ठेवणेही नाही. डब्यातली प्रत्येक गोळी काढून एका कागदावर मांडा. ती कोणासाठी आहे, कशासाठी आहे, कोणी सांगितली, तिच्यात काय किती आहे आणि ती कधी थांबवायची, हे तिच्यापुढे लिहा. ज्या गोळीपुढे ‘कशासाठी’ आणि ‘कधीपर्यंत’ हे रकाने भरता येणार नाहीत, ती डॉक्टरांना विचारण्याच्या यादीत जाईल. तोच घटक दोन-तीन पाकिटांत आढळेल याची तयारी ठेवा. कॅल्शियमच्या गोळीत बहुतेक वेळा डी जीवनसत्त्व असते, मल्टीव्हिटॅमिनमध्येही असते, आणि वर पुडी असते. रोज झिंकची गोळी घेण्याचे तर आता काहीच कारण दिसत नाही. मोठ्या मात्रेत झिंक वर्षानुवर्षे घेतले तर शरीरातले तांबे कमी होते आणि त्यातूनही रक्तक्षय होऊ शकतो. सी जीवनसत्त्व नियमित घेतल्याने सर्दी होणे थांबत नाही, झालीच तर थोडी लवकर बरी होते इतकेच, आणि त्यासाठी पेरू आणि आवळा पुरेसे आहेत.

औषधे म्हणून दिलेल्या गोष्टी मात्र या आवराआवरीत कोणाच्या सांगण्यावरून बंद करू नका. सासूबाईंच्या हाडांची झीज तपासणीत आढळली असेल, किंवा वॉरफॅरिनसारखे रक्त पातळ ठेवणारे औषध कोणी घेत असेल, तर कोणती गोळी काढायची किंवा घालायची हे डॉक्टरांशिवाय ठरवता येणार नाही. सासूबाईंच्या तपासण्या ठीक आल्या तरी त्यांच्या वयाला डी जीवनसत्त्वाची छोटी दैनंदिन मात्रा उपयोगी असू शकते, तीही डॉक्टरांनी सांगितलेली असावी.

वाचतील त्या पैशांतले काही स्वयंपाकघराकडे वळवा. नाचणीत शंभर ग्रॅममागे साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते, तिळात त्याहून कितीतरी जास्त असते, आणि शेवग्याचा पाला तुमच्याकडे दारात मिळत असेल. पतींसाठी साखर न घातलेले दही-ताक रोज परत सुरू करा. उन्हाबद्दल एक दुरुस्ती: आपल्याकडे कोवळ्या उन्हाचे फार कौतुक आहे, पण कोवळ्या उन्हात डी जीवनसत्त्व तयार करणारे किरण फार थोडे असतात, आणि काचेच्या खिडकीतून तर ते येतच नाहीत. आपली सावली आपल्याहून आखूड असते त्या वेळी, म्हणजे साधारण सकाळी अकरा ते दुपारी दोनच्या दरम्यान, हात आणि चेहरा उघडा ठेवून पंधरा-वीस मिनिटे बाहेर राहिलात तर उपयोग होतो. उन्हाळ्यात याहून कमी वेळ पुरेल, आणि सासूबाईंना चक्कर येत असेल तर त्यांना या वेळी बाहेर बसवू नका.

वडिलांबद्दल तुम्ही लिहिले आहे की तेव्हा कोणी काही करू शकले असते का, हा प्रश्न तुम्हाला अजून सोडत नाही. कर्करोगासाठी आज तुमच्या हातात जे खरोखर आहे ते डब्यात नाही. तुमच्या वयाला स्तनांची आणि गर्भाशयमुखाची तपासणी, पतींनी सिगारेटकडे परत न वळणे आणि त्यांच्या तोंडाची तपासणी, आणि वडिलांचा कर्करोग कोणत्या प्रकारचा होता हे तुमच्या डॉक्टरांना सांगून तुम्हाला आणखी कोणती तपासणी लागेल हे विचारणे. या आठवड्यात सासूबाईंना डॉक्टरांकडे घेऊन जाल तेव्हा हा प्रश्नही त्याच कागदावर लिहून न्या, आणि गोळ्यांची सगळी पाकिटे एका पिशवीत घालून सोबत असू द्या.